न्यूपोर्टची हिरवळ : समुद्रकाठच्या एका जॅझ महोत्सवाची गोष्ट (दीर्घ धागा)

शनिवार, १७ जुलै १९५४. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील न्यूपोर्ट नावाच्या लहानशा शहरात, एका जुन्या टेनिस क्लबाच्या हिरवळीवर खुर्च्यांच्या रांगा मांडल्या गेल्या. पुढच्या दोन दिवसांत तिथल्या व्यासपीठावर एला फिट्झजेरल्ड, बिली हॉलिडे, डिझी गिलेस्पी, ऑस्कर पीटरसन, लेस्टर यंग अशी मंडळी येणार होती. ज्या क्लबात काही वर्षांपूर्वीपर्यंत यांच्यापैकी बहुतेकांना मागील दाराने सुद्धा प्रवेश मिळाला असता की नाही याची शंका आहे, त्याच क्लबाच्या हिरवळीवर ती आता पाहुणी म्हणून उभी होती.

सुट्टीच्या शनिवार-रविवारी समुद्रकाठच्या गावी जावे, उघड्या आकाशाखाली गवतावर पाय पसरून जॅझ ऐकावे, ही आज जगभर रुळलेली रीत आहे. याआधी १९४८ साली फ्रान्समधील नीस येथे जॅझ महोत्सव झाला होता, पण तो भर हिवाळ्यात. उन्हाळा, समुद्र, हिरवळ आणि जॅझ हे चार पदार्थ एकत्र आले ते न्यूपोर्टला. त्या हिरवळीवर बसणे कोणाला सहज साधले, कोणाला महागात पडले आणि ती अखेर कोणी तुडवली, याचा हा धागा.

आधी गाव समजून घ्यावे लागेल.

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतील आकाराने सर्वांत लहान राज्य. त्याच्या नॅरागॅन्सेट उपसागराच्या तोंडाशी असलेल्या बेटावर, दक्षिण टोकाला न्यूपोर्ट वसले आहे. बंदर खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित. अठराव्या शतकात या बंदराने जो पैसा कमावला, त्यात गुलामांच्या व्यापाराचा वाटा मोठा होता. कॅरिबियन बेटांवरून उसाची मळी यायची, न्यूपोर्टच्या भट्ट्यांत तिची रम व्हायची, ती रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायची आणि तिच्या बदल्यात माणसे जहाजात भरली जायची. १७०९ ते १८०७ या काळात ऱ्होड आयलंडच्या जहाजांनी अशा नऊशेहून अधिक फेऱ्या केल्या आणि एक लाखाहून अधिक आफ्रिकी माणसे समुद्रापार वाहून नेली. राज्य सर्वांत लहान, पण या धंद्यात अमेरिकेतील दुसरे कोणतेही राज्य त्याच्या जवळपास नव्हते.

यातली काही माणसे न्यूपोर्टमध्येच राहिली. फेअरवेल स्ट्रीटवरील जुन्या दफनभूमीचा एक कोपरा ‘गॉड्स लिटल एकर’ म्हणून ओळखला जातो. आफ्रिकी वंशाच्या गुलाम आणि मुक्त रहिवाशांच्या थडग्यांचे शिलालेख इतक्या जुन्या काळातले आणि इतक्या संख्येने अमेरिकेत क्वचितच उरले आहेत. त्यातला एक दगड पॉम्पी स्टीव्हन्स या गुलाम पाथरवटाने १७६८ मध्ये वारलेल्या आपल्या भावासाठी घडवला. दगडावर त्याने भावाचे नाव कोरले आणि हा दगड आपण घडवला असे सांगत स्वतःचेही कोरले. गुलामाने आपल्या कामावर स्वतःची सही करण्याचे हे दुर्मीळ उदाहरण. पॉम्पीचे आणि भावाचे आडनाव वेगळे आहे, कारण दोघांचे मालक वेगळे होते.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांनी शहर तीन वर्षे ताब्यात ठेवले आणि त्याच्या व्यापाराचा कणा मोडला. शंभर वर्षांनी न्यूपोर्ट पुन्हा उजेडात आले ते अतिधनिकांचे उन्हाळी गाव म्हणून. रेल्वे, कोळसा, तंबाखू यांत गडगंज झालेल्या घराण्यांनी बेलव्ह्यू ॲव्हेन्यूवर संगमरवरी प्रासाद बांधले आणि त्यांना नम्रतेने ‘कॉटेज’ म्हटले. व्हँडरबिल्ट घराण्याचे १८९५ चे ‘द ब्रेकर्स’ हे असेच एक कॉटेज. त्यात खोल्या आहेत ७०.

याच रस्त्यावर १८८० साली न्यूपोर्ट कॅसिनो उभा राहिला. कॅसिनो म्हटले की जुगाराचा अड्डा डोळ्यांसमोर येतो, परंतु हा श्रीमंतांचा करमणूक-क्लब होता : टेनिस, नृत्य, नाटक, गप्पा. त्याचे बांधकाम करविणाऱ्या वृत्तपत्रमालकाच्या मित्राने घोड्यावर बसून दुसऱ्या एका प्रतिष्ठित क्लबात प्रवेश केला, त्यावरून खटका उडाला आणि रागाच्या भरात त्याने स्वतःचाच क्लब काढला, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, गावाच्या स्वभावाशी ती जुळते. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय टेनिस स्पर्धा १८८१ मध्ये याच हिरवळीवर झाली.

या पार्श्वभूमीवर एलेन लॉरिलार्ड यांचा बेत किती धाडसाचा होता ते कळते. दुसऱ्या महायुद्धात रेड क्रॉसच्या कामासाठी इटलीत असताना त्यांची गाठ लुई लॉरिलार्ड यांच्याशी पडली. लुई तंबाखूच्या जुन्या धनाढ्य घराण्यातले. दोघांनाही जॅझची ओढ होती. लग्नानंतर न्यूपोर्टला आलेल्या एलेनबाईंना तिथले उन्हाळे कंटाळवाणे वाटू लागले. १९५३ मध्ये गावात सिंफनी वाद्यवृंदाच्या मैफली झाल्या, त्यांकडे लोक फारसे फिरकले नाहीत. मग जॅझ का नको, असा प्रश्न घेऊन त्या बॉस्टनमधील ‘स्टोरीव्हिल’ या जॅझ क्लबात गेल्या. क्लबाचा तरुण मालक जॉर्ज वाइन स्वतः पियानो वाजवीत असे. महोत्सव कसा भरवतात हे त्यालाही ठाऊक नव्हते, कारण तसा नमुनाच समोर नव्हता. लॉरिलार्ड दांपत्याने पैशाची हमी घेतली, ना-नफा संस्था स्थापन झाली आणि वाइन कामाला लागला.

१९५४ पर्यंत जॅझचे घर म्हणजे धुराने भरलेले तळघर. श्रोत्यांच्या हातात पेला, समोर छोटेसे व्यासपीठ, दारूच्या विक्रीवर ठरणारी कलाकाराची बिदागी. नाही म्हणायला कार्नेगी हॉलसारख्या सभागृहांतही जॅझ पोहोचले होते, पण तिथे श्रोत्याने ताठ बसावे अशी अपेक्षा. न्यूपोर्टने तिसरी जागा दिली. दिवसा परिसंवाद, रात्री मैफल, दरम्यान समुद्र. पहिल्या वर्षी तर परिसंवादाचा विषय समाजात जॅझचे स्थान काय असा होता. टेनिसच्या हिरवळीवर बसून प्राध्यापक मंडळी ब्लूजची मुळे पश्चिम आफ्रिकेत शोधत होती आणि ज्या धक्क्यांवर त्या आफ्रिकेची जहाजे लागत, ते तिथून पायी जाण्याच्या अंतरावर होते.

दोन दिवसांत दहा हजारांहून अधिक श्रोते आले. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला, तरी लोक उठले नाहीत. बिली हॉलिडे गात असताना त्यांचे जुने साथीदार लेस्टर यंग सॅक्सोफोन घेऊन येऊन मिळाले. दोघांतला दुरावा तेव्हा जॅझच्या वर्तुळात सर्वांना माहीत होता. त्यामुळे जाणकारांना त्या काही मिनिटांचे मोल वेगळे वाटले असणार.

गावाची प्रतिक्रिया मात्र दुभंगलेली होती. दुकानदार, खानावळी, घरगुती खोल्या भाड्याने देणारे खुश होते. बेलव्ह्यू ॲव्हेन्यू नाखूश होता. हिरवळ खराब झाली, ही उघड तक्रार. गर्दी, आवाज, आणि गोऱ्या-काळ्या श्रोत्यांनी शेजारी शेजारी बसणे, ही कुजबुजीतली तक्रार. व्यासपीठावर टाळ्या घेणाऱ्या कृष्णवर्णीय कलाकारांना, आणि त्यांना ऐकायला आलेल्या कृष्णवर्णीय श्रोत्यांना, गावात रात्रीपुरती खोली मिळणे सोपे नव्हते. संगीत चालत होते, वाजवणारा मुक्कामाला नको होता. तेव्हाच्या उत्तर अमेरिकेतील भेदभाव पुष्कळदा असाच असे : दारावर पाटी नाही, फक्त खोली शिल्लक नाही.

पुढच्या वर्षी कॅसिनोची हिरवळ गेली. लॉरिलार्ड दांपत्याने बेलकोर्ट हा प्रासाद विकत घेऊन महोत्सव तिथे नेण्याचे ठरवले, तर शेजारी आडवे आले. अखेर रात्रीच्या मैफली फ्रीबॉडी पार्क या खेळाच्या मैदानावर हलल्या. फ्रीबॉडी हे आडनाव. त्याचा शब्दशः अर्थ ‘मुक्त देह’ असा होतो, हा निव्वळ योगायोग. पण इतिहासाला अशा योगायोगांची हौस असते.

त्या मैदानावर रविवार, १७ जुलै १९५५ रोजी माइल्स डेव्हिस यांनी थेलोनियस मंक यांच्या ‘राउंड मिडनाइट’ या रचनेवर ट्रम्पेट वाजवली. पियानोवर स्वतः मंक होते. हेरॉइनच्या व्यसनातून नुकत्याच बाहेर आलेल्या डेव्हिस यांना अनेकांनी हिशेबातून वजा केले होते. त्या रात्रीनंतर कोलंबिया या बड्या ध्वनिमुद्रण कंपनीशी त्यांचा करार झाला. महोत्सव म्हणजे नुसती सहल नव्हे, तिथे माणसाचे नशीब पालटते, हे कलाकारांच्या ध्यानात आले ते तेव्हापासून.

आणि मग १९५६. या धाग्यात थोडे थांबावे असे ठिकाण हेच.

ड्यूक एलिंग्टन तेव्हा ५७ वर्षांचे होते. मोठ्या वाद्यवृंदांचा जमाना संपला, एलिंग्टनही संपले, असा सर्वसाधारण सूर होता. शनिवार, ७ जुलैला त्यांचा वाद्यवृंद सुरुवातीला थोडा वेळ वाजवून खाली उतरला, कारण चार वादक आलेच नव्हते. पुन्हा पाळी आली ती जवळजवळ मध्यरात्री, जेव्हा लोक घरी निघू लागले होते. एलिंग्टन यांनी १९३७ सालची ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ ही जुनी जोडरचना काढली आणि तिच्या दोन भागांमधली मोकळी जागा टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस यांच्या हवाली केली.

ब्लूजचे एक आवर्तन बारा घरांचे असते, प्रत्येक घरात चार ठोके. ख्यालगायक समेला धरून उपज करतो, तसा जॅझवादक या बारा घरांच्या चौकटीत उपज करत राहतो. गोन्साल्विस यांनी अशी २७ आवर्तने न थांबता वाजवली. पाचव्या-सहाव्या आवर्तनापर्यंत लोक माना डोलावत होते. मग पुढच्या रांगेतून काळ्या पोशाखातील एक स्त्री उठली आणि नाचू लागली. तिच्या मागोमाग रांगाच्या रांगा उठल्या. व्यासपीठाच्या कडेला तालवादक जो जोन्स वर्तमानपत्राची गुंडाळी आपटून लय चढवत होते. घरी निघालेले लोक परत धावत आले. गर्दी आता आवरणार नाही अशा भीतीने वाइन खुणा करू लागले, एलिंग्टन यांनी त्यांना हाताने गप्प केले. नंतर मात्र गर्दी शांत करायला त्यांनीच जॉनी हॉजेस यांचा संथ, मुलायम सॅक्सोफोन पुढे केला. कोणत्या क्षणी काय वाजवले म्हणजे हजारो माणसे खाली बसतात, हे त्यांना पोलिसांपेक्षा अधिक कळत होते.

दीड महिन्याच्या आत एलिंग्टन ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. त्या रात्रीची तबकडी त्यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक खपाची ठरली. आपला जन्म १९५६ मध्ये न्यूपोर्टला झाला, असे ते पुढे थट्टेने सांगत.

त्या तबकडीत एक गोम होती. गोन्साल्विस चुकून भलत्याच मायक्रोफोनसमोर उभे राहिले. कोलंबिया कंपनीच्या ध्वनिफितीत त्यांचा आवाज दूरवरून आल्यासारखा क्षीण उमटला. ज्या मायक्रोफोनसमोर ते उभे होते तो ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी नभोवाणीचा. शिवाय त्या तबकडीचा बराच भाग प्रत्यक्षात दोन दिवसांनी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या चिकटवून तयार केलेला होता. नभोवाणीची मूळ फीत १९९६ मध्ये सापडली आणि १९९९ मध्ये दोन्ही फिती जुळवून खरी मैफल बाहेर आली. चाळीस वर्षे लोकांनी डोक्यावर घेतलेला ‘प्रत्यक्ष मैफलीचा’ आवाज अर्धामुर्धा बनावट होता. मात्र ती २७ आवर्तने अस्सल होती, फक्त दुरून ऐकू येणारी.

तो दुसरा मायक्रोफोन तिथे होता हेही अर्थपूर्ण आहे. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम लघुलहरींवरून जगभर जात असे. स्वतः कॉनोव्हर न्यूपोर्टच्या व्यासपीठावर अनेक वर्षे निवेदक होते. कायद्याने या नभोवाणीला खुद्द अमेरिकेतील श्रोत्यांसाठी प्रसारण करण्याची मुभा नव्हती. त्यामुळे वॉर्सा, मॉस्कोपासून आशियातल्या शहरांपर्यंत ज्याचा आवाज ओळखीचा, त्याला त्याच्या मायदेशात फारसे कोणी ओळखत नसे. शीतयुद्धाच्या काळात जॅझ हे अमेरिकी सरकारचे लाडके निर्यात-द्रव्य बनले होते. देशात ज्यांना खोली मिळत नव्हती, त्यांना परदेशी राजदूत म्हणून पाठवले जात होते.

मुंबईशी न्यूपोर्टचा संबंध जुळतो तो याच वाटेने. डेव्ह ब्रुबेक यांनी १९५८ च्या वसंतात परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर मुंबईत वाजवले, आणि त्याच वर्षी ३ जुलैला ते न्यूपोर्टच्या व्यासपीठावर होते. १९६३ मध्ये एलिंग्टन यांचा संपूर्ण वाद्यवृंद भारतात आला. दिल्ली, हैदराबाद, मद्रास, मुंबई, कलकत्ता असा प्रवास झाला. वाद्यवृंदात पॉल गोन्साल्विसही होते.

गोन्साल्विस हे नाव मराठी कानांना परके वाटत नाही. मुंबईच्या हॉटेलांतील नृत्यवृंदांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यमेळांत तेव्हा जी गोमंतकीय मंडळी वाजवत होती, त्यांच्यात वाझ, फर्नांडिस, डिसोझा यांच्याबरोबर गोन्साल्विसही होते. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस सर्वश्रुत आहेत. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस हे आणखी एक. एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील पॉल मात्र गोव्याचे नव्हेत. त्यांचे आईवडील आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्डे बेटांवरून अमेरिकेत गेलेले. केप व्हर्डे आणि गोवा या दोन्ही पोर्तुगीज वसाहती. एकाच साम्राज्याने दोन महासागरांच्या काठांवर एकच आडनाव ठेवून दिले आणि दोन्हीकडच्या वारसांनी सॅक्सोफोन हाती घेतला. पॉल यांचे बालपण ऱ्होड आयलंडमधल्याच पॉटकेट या गिरण्यांच्या गावी गेले होते. म्हणजे १९५६ च्या त्या रात्री न्यूपोर्टच्या मैदानावर एका अर्थी घरचाच मुलगा वाजवत होता, मात्र घर बेलव्ह्यू ॲव्हेन्यूपासून फार दूरचे.

१९५८ चा महोत्सव बहुतेकांनी पडद्यावर पाहिला आहे. छायाचित्रकार बर्ट स्टर्न यांनी त्यावर ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ हा चित्रपट काढला. पाण्यावर झुकणाऱ्या शिडाच्या होड्या, आइस्क्रीम खाणारे श्रोते, काळी टोपी आणि पांढरे हातमोजे घातलेल्या अनिता ओ’डे, मध्यरात्रीच्या सुमारास माहेलिया जॅक्सन यांचे भक्तिगीत. चित्रपट अतिशय देखणा आहे, यात वाद नाही. समुद्रकाठचा जॅझ महोत्सव म्हटले की जे चित्र मनात येते, ते बरेचसे याच चित्रपटाने तयार केले. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो सावधपणे पाहावा. माइल्स डेव्हिस, ड्यूक एलिंग्टन, सॉनी रोलिन्स हे सारे त्या वर्षी न्यूपोर्टला वाजवून गेले होते, आणि चित्रपटात एकही नाही. कॅमेरा वादकांइतकाच, किंबहुना अधिक, श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर रमला आहे. सुट्टीचे सुख त्याला दिसले. त्या सुखाचे देणे कोणाच्या नावे लिहिले जात होते, ते त्याच्या चौकटीबाहेर राहिले.

देण्याचा हिशेब दोन वर्षांत समोर आला.

महोत्सव आता अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या, म्हणजे ४ जुलैच्या, सुट्टीला जोडून भरत असे. न्यू इंग्लंडमधील महाविद्यालयीन तरुणांना त्याचा सुगावा लागला होता. संगीताशी देणेघेणे नसलेली, बीअरचे डबे घेऊन किनाऱ्यावर झोपायला येणारी मुले दरवर्षी वाढत होती. त्यांतली बहुतेक गोरी आणि खात्यापित्या घरची. तिकिटे खपावीत म्हणून वाइन लोकप्रिय गायक-वादकांना अधिकाधिक जागा देत गेले. त्यांची बिदागी मोठी, आणि खऱ्या अर्थाने जॅझ घडवणाऱ्यांची त्या मानाने तुटपुंजी.

चार्ल्स मिंगस यांना हे सहन होईना. बास-वादक, रचनाकार, आणि संतापाच्या बाबतीत ख्यातनाम असलेल्या मिंगस यांनी तालवादक मॅक्स रोच यांच्यासह १९६० मध्ये न्यूपोर्टमध्येच, त्याच दिवसांत, बंडखोरांचा स्वतंत्र महोत्सव भरवला. जागा क्लिफ वॉक मॅनर या हॉटेलची, समुद्राला लागून असलेली हिरवळ. कोलमन हॉकिन्स आणि रॉय एल्ड्रिज यांच्यासारखे ज्येष्ठ, ऑर्नेट कोलमन यांच्यासारखे नवे, सारे एकत्र आले. १९५६ ला वर्तमानपत्राची गुंडाळी आपटणारे जो जोन्सही त्यांत होते. कलाकारांनीच कुंपण घातले, खुर्च्या मांडल्या, तंबू ठोकले. तिकीट स्वस्त, आणि कुंपणाबाहेर उभ्या असलेल्यांपुढे मिंगस स्वतः पैसे गोळा करत फिरत. पैशांच्या दृष्टीने या महोत्सवाने काही मोठे साधले नाही. पण कार्यक्रम कोणी ठरवायचा आणि दारावरचा गल्ला कोणाच्या हाती असायचा, हे जॅझवादकांनी तिथे स्वतः करून दाखवले.

शनिवार, २ जुलै १९६०. फ्रीबॉडी पार्कची तिकिटे संपली होती. सुमारे ४७ हजार वस्तीच्या शहरात बाहेरचे हजारो तरुण रस्त्यांवर होते. दरवाजे बंद झाल्यावर त्यांनी आत घुसण्याचा प्रयत्न केला, पोलिसांवर बाटल्या आणि डबे फेकले, दुकानांच्या काचा फोडल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, पाण्याचे फवारे मारले. अखेर राज्याचे नॅशनल गार्ड पाचारण करावे लागले. दोनशेच्या आसपास अटका झाल्या. दंगल करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या दिवशी जॅझचा एक सूरही ऐकला नव्हता, आणि आत बसलेले श्रोते शांतपणे मैफल ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी नगर परिषदेने चार विरुद्ध तीन मतांनी महोत्सव बंद केला. केवळ एका मताचा फरक. शिक्षा झाली ती संगीताला. वृत्तपत्रांत ‘जॅझची दंगल’ असे मथळे आले, जणू बीअरच्या बाटल्या सॅक्सोफोनमधून उडाल्या होत्या. मिंगस यांचा बंडखोर महोत्सव मात्र शांततेत झाला.

परिषदेने रविवारी दुपारचा ब्लूजचा कार्यक्रम तेवढा होऊ दिला. मडी वॉटर्स आणि त्यांचे साथीदार वाजवायला बसले. संयोजन मंडळावर कवी लँग्स्टन ह्यूज होते. महोत्सव संपला हे कळताच त्यांनी तारेच्या कोऱ्या कागदावर निरोपाचे एक ब्लूज-गीत लिहून काढले आणि पियानोवादक ओटिस स्पॅन यांच्या हाती दिले. स्पॅन यांनी ते तिथल्या तिथे चाल लावून गायले. न्यूपोर्टला उद्देशून लिहिलेले ते निरोपगीत त्या दुपारच्या तबकडीवर आजही ऐकता येते.

निरोप टिकला नाही. १९६१ ला दुसऱ्या आयोजकाने प्रयत्न करून पाहिला, १९६२ ला वाइन परतले. ज्या व्यापाऱ्यांनी काचा फुटताना पाहिल्या होत्या, त्यांनाच जुलैतला धंदा आठवत होता. १९६५ पासून शहराच्या कडेला मोकळ्या मैदानात महोत्सव भरू लागला. १९६९ ला वाइन यांनी रॉकवादकांना बोलावून पाहिले, गर्दीने कुंपण पाडले. शनिवार, ३ जुलै १९७१ रोजी तेच पुन्हा घडले. डायॉन वॉरविक व्यासपीठावर असताना टेकडीवर जमलेले तरुण कुंपण मोडून आत घुसले आणि महोत्सव मध्येच थांबवावा लागला. या खेपेला तो गावातूनच गेला. १९७२ पासून न्यूयॉर्कच्या सभागृहांत.

दरम्यान न्यूपोर्टचा नमुना इतरत्र रुजला. १९५८ ला कॅलिफोर्नियात माँटरे, १९६० ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर ज्वां-ले-पँ, १९६७ ला स्वित्झर्लंडमध्ये सरोवराकाठी माँत्रो. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू केली, तीही धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली. पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्स आले होते. पुढे शेजारचे रुग्णालय आणि महाविद्यालय यांमुळे शांतता क्षेत्राचे नियम लागू झाले आणि रंगभवनातल्या मैफली थांबल्या. उघड्यावरच्या संगीताला शेजारी हवेत आणि नकोतही, ही अडचण बेलव्ह्यू ॲव्हेन्यूपुरती नव्हती. रुग्णालयाची तक्रार मात्र हिरवळ खराब झाल्याच्या तक्रारीहून नक्कीच वजनदार म्हणावी लागेल.

१९८१ मध्ये महोत्सव न्यूपोर्टला परतला, या वेळी फोर्ट ॲडम्स या एकोणिसाव्या शतकातील किल्ल्याच्या आवारात. किल्ला बंदराच्या तोंडाशी, तीन बाजूंनी पाणी. मैफली दिवसाउजेडी, सूर्यास्तापूर्वी आटोपणाऱ्या, श्रोत्यांची संख्या ठरलेली. १९६० आणि १९७१ चे धडे या वेळापत्रकात लिहिलेले आहेत. दरवर्षी उन्हाळ्यात कुटुंबेच्या कुटुंबे घडीच्या खुर्च्या, छत्र्या आणि फराळाचे डबे घेऊन येतात, मुले गवतावर लोळतात, दुपारी समुद्रावरून गार वारा सुटतो. जॉर्ज वाइन म्हातारपणीही येत राहिले, मैदानात छोट्या गाडीतून फिरत, मध्येच पियानोवर बसत. २०२१ मध्ये, ९५ व्या वर्षी, ते वारले.

किल्ल्यासमोरच्या पाण्यात त्या दिवशी शेकडो होड्या नांगर टाकून उभ्या असतात. त्यांत छोट्या वल्ह्याच्या नावा असतात, तशाच लक्षावधी डॉलरच्या पांढऱ्या नौकाही. सूर पाण्यावरून त्यांच्यापर्यंत स्पष्ट पोहोचतात. तिकीट कोणी काढलेले नसते आणि कोणी मागतही नाही. बंदराच्या पलीकडच्या काठावर जुने धक्के आहेत, आणि त्यांच्या मागे, थोडे चढावर, पॉम्पी स्टीव्हन्सने आपल्या भावासाठी घडवलेला दगड.